परतीचा हिशेब : चंद्राला पहिल्या मानवी प्रदक्षिणा

(संस्थेच्या अभ्यासिकेतील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो अभ्यासिकेतील एका मुलाने दिला आहे. चंद्रावर पहिले पाऊल कोणी ठेवले, हा सामान्यज्ञानाचा प्रश्न सोडवून झाल्यावर त्याने विचारले, “सर, चंद्राजवळ जाऊन जे न उतरताच परत आले, त्यांना काय मिळाले?” बाकीची मुले हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही. लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीत राहिलेली, दोन गुणांनी यादीबाहेर गेलेली मुले रोज आमच्यासमोर बसतात. त्यांच्या मनातला प्रश्नच त्या मुलाने चंद्राच्या निमित्ताने विचारला होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही, म्हणून आज थोडा वेळ आपला घेत आहोत.

२५ मे १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी आपल्या संसदेपुढे एक उद्दिष्ट मांडले. हे दशक संपण्यापूर्वी माणसाला चंद्रावर उतरवायचे आणि त्याला सुखरूप पृथ्वीवर परत आणायचे, असे ते उद्दिष्ट होते. लोकांच्या लक्षात राहिला तो त्याचा पहिला भाग. पण मित्रहो, अवघड होता दुसरा. चंद्रावर एखादी वस्तू नेऊन आदळणे रशियाने १९५९ सालीच करून दाखविले होते. जिवंत माणूस नेणे आणि तो जिवंत परत आणणे, ही वेगळी गोष्ट आहे. डिसेंबर १९६८ मधील अपोलो ८ आणि मे १९६९ मधील अपोलो १० ही दोन उड्डाणे या दुसऱ्या भागाची आहेत. दोन्ही याने चंद्राभोवती फिरली आणि न उतरता परतली.

आगीने शिकविलेला धडा

या कथेची सुरुवात एका दुर्घटनेपासून करावी लागते. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो यानाची जमिनीवरच चाचणी चालू होती. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे अंतराळवीर आत बसले होते. कुपीत शुद्ध प्राणवायू दाबाने भरलेला होता. विजेच्या तारांच्या जाळ्यात कोठेतरी ठिणगी पडली असावी. शुद्ध प्राणवायूत आग किती वेगाने पसरते हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. दार आतल्या बाजूला उघडणारे होते आणि आतील दाब वाढल्यामुळे ते उघडणे अशक्य झाले. तिघेही तेथेच मरण पावले. यान जमिनीवर, माणसे हाकेच्या अंतरावर, आणि तरीही वाचविता आले नाही.

चौकशी मंडळ नेमले गेले. त्यात एकच अंतराळवीर होता, फ्रँक बोरमन. आपल्या सहकाऱ्यांचा मृत्यू ज्या कुपीत झाला तिची तपासणी करणे त्याच्या वाट्याला आले. मंडळाने यानाच्या रचनेतील, कारागिरीतील आणि देखरेखीतील दोष स्पष्टपणे लिहून काढले. मग दार बदलले. नवे दार काही सेकंदांत बाहेर उघडणारे केले. उड्डाणापूर्वी कुपीत शुद्ध प्राणवायूऐवजी प्राणवायू आणि नायट्रोजन यांचे मिश्रण भरायचे ठरले. पेट घेणारे सामान काढून टाकले. हाच बोरमन पुढे चंद्राकडे जाणाऱ्या पहिल्या यानाचा प्रमुख झाला. ज्या यानाचे दोष त्याने स्वतः वाचले होते, त्या जातीच्या यानात तो विश्वासाने बसला. हा विश्वास आंधळा नव्हता. तो तपासणीतून आलेला होता.

चार महिन्यांचा निर्णय

यानाला चंद्राकडे नेणारा अग्निबाण म्हणजे सॅटर्न ५. त्याची उंची सुमारे ११० मीटर. ४ एप्रिल १९६८ रोजी माणसांविना त्याची दुसरी चाचणी झाली, ती अपोलो ६. उड्डाणानंतर थोड्याच वेळात अग्निबाण जोरजोराने हिंदकळू लागला, दुसऱ्या टप्प्यातील पाचपैकी दोन इंजिने वेळेआधी बंद पडली आणि तिसऱ्या टप्प्याचे इंजिन दुसऱ्यांदा पेटलेच नाही. त्याच दिवशी संध्याकाळी मेम्फिस शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांची गोळी घालून हत्या झाली. त्यामुळे या अपयशाकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही. पण अभियंत्यांनी ते झाकून ठेवले नाही. एकेक कारण शोधले, नळ्या बदलल्या, हेलकावे थोपविण्याची व्यवस्था केली.

ऑगस्ट १९६८ मध्ये दुसरी अडचण आली. चंद्रावर उतरण्यासाठी जे छोटे वाहन बनत होते, ते सदोष निघाले आणि वर्षअखेरीस तयार होणार नव्हते. वाट पाहिली तर दशक हातचे जाणार. शिवाय रशिया चंद्राला वळसा घालण्याच्या तयारीत आहे, अशा बातम्या होत्या. त्या खोट्या नव्हत्या. सप्टेंबरात रशियाचे झोंड ५ हे यान कासवे घेऊन चंद्राला वळसा घालून आले आणि आपल्या हिंदी महासागरात उतरले. चंद्राला वळसा घालून परतलेल्या पहिल्या प्राण्यांत त्या कासवांची गणना होते.

अपोलो यानाच्या कामाचे प्रमुख जॉर्ज लो यांनी एक धाडसी सूचना केली. उतरण्याचे वाहन तयार नाही ना? मग त्याच्याशिवाय मुख्य यान चंद्रापर्यंत नेऊन, त्याच्याभोवती फिरवून परत आणू. उतरणे सोडून बाकी सगळ्याची परीक्षा होऊन जाईल. ऑक्टोबरमध्ये अपोलो ७ हे यान तीन माणसांसह पृथ्वीभोवती ११ दिवस फिरले. त्याचे मुख्य इंजिन आठ वेळा चालविले, आठही वेळा ते नीट चालले. त्यानंतर, १२ नोव्हेंबरला, अपोलो ८ चंद्राकडे जाणार हे जाहीर झाले. सूचना मांडल्यापासून उड्डाणापर्यंत जेमतेम साडेचार महिने! सॅटर्न ५ चे ते केवळ तिसरे उड्डाण होते आणि माणसे घेऊन जाणारे पहिले.

एकाच इंजिनावर तीन प्राण

२१ डिसेंबर १९६८. आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजून २१ मिनिटे झाली होती. फ्रँक बोरमन, जेम्स लॉवेल आणि विल्यम अँडर्स यांना घेऊन अपोलो ८ ने फ्लोरिडातून उड्डाण केले. पृथ्वीभोवती जवळजवळ दोन फेऱ्या झाल्यावर तिसऱ्या टप्प्याचे इंजिन पुन्हा पेटविले गेले. तेच, जे एप्रिलमध्ये पेटले नव्हते. या वेळी ते पाच मिनिटांहून थोडे अधिक चालले आणि यानाचा वेग सेकंदाला सुमारे १०.८ किलोमीटर झाला. तोपर्यंत माणूस पृथ्वीपासून सुमारे १,३७० किलोमीटरपर्यंतच गेला होता. आता तो ३,८४,००० किलोमीटर दूरच्या चंद्राकडे निघाला.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. यानाला ज्या वाटेवर सोडले होते ती वाट अशी आखलेली होती की, पुढे काहीच केले नाही तरी चंद्राचे गुरुत्वाकर्षण यानाला वळवून पुन्हा पृथ्वीकडे पाठवील. इंजिन बिघडले तरी घरी येण्याची सोय निसर्गाच्या नियमातच करून ठेवलेली. पण चंद्राभोवती फिरायचे तर चंद्रामागे गेल्यावर इंजिन चालवून वेग कमी करणे भाग होते. एकदा वेग कमी केला की ही फुकटची परतवाट बंद. मग परत यायचे ते त्याच इंजिनाच्या बळावर. ते पेटले नाही तर तीन माणसे चंद्राभोवतीच फिरत राहणार, आणि त्यांना आणायला दुसरे कोणी जाऊ शकणार नव्हते.

असे इंजिन कसे बनवतात? आपल्याला वाटेल, फार गुंतागुंतीचे असेल. उलट ते शक्य तितके साधे केले होते. इंधन आणि त्याला जाळणारा द्रव असे निवडले होते की दोघे एकमेकांना भिडताच आपोआप पेट घेतात. ठिणगीची गरज नाही, म्हणून ठिणगी न पडण्याची भीती नाही. इंधन ढकलायला पंप नव्हता, हेलियम वायूचा दाब होता. पंपच नाही, तर तो बंद कसा पडेल? ज्या झडपा आवश्यक होत्या त्या मात्र दुहेरी बसविल्या होत्या. मित्रहो, साधेपणा हा येथे गरिबीतून आलेला नाही, विचारातून आलेला आहे.

वाटेत या इंजिनाची केवळ अडीच सेकंदांची एक चाचणी घेतली. जोर अपेक्षेपेक्षा किंचित कमी भरला. जमिनीवरच्या अभियंत्यांनी आकडे तपासले आणि नळीत हेलियमचा बुडबुडा अडकला होता, असे कारण काढले. कारण सापडले तेव्हाच पुढे जाण्याची परवानगी मिळाली.

२४ डिसेंबरला यान चंद्रामागे गेले. चंद्र मध्ये आला की रेडिओसंपर्क तुटतो. जो सेकंद आधी गणिताने सांगितला होता, त्याच सेकंदाला तो तुटला. त्यानंतर इंजिन चार मिनिटांहून थोडे अधिक चालवायचे होते. कमी चालले तर यान भलतीकडे जाईल, जास्त चालले तर चंद्रावर आदळेल. हे सर्व घडत असताना पृथ्वीवर कोणालाही काही कळण्याचा मार्ग नव्हता. ठरलेल्या वेळी चंद्राच्या दुसऱ्या कडेने यान बाहेर आले आणि लॉवेल यांचा आवाज ऐकू आला. चंद्राची पाठ आपल्या डोळ्यांनी पाहणारी ही पहिली तीन माणसे होती.

पृष्ठभागापासून सुमारे ११० किलोमीटर उंचीवरून २० तासांत १० प्रदक्षिणा झाल्या. चौथ्या प्रदक्षिणेत अँडर्स यांना खिडकीतून चंद्राच्या कडेवर निळी-पांढरी पृथ्वी वर येताना दिसली. त्या क्षणी वेळापत्रकात पृथ्वीचे छायाचित्र नव्हते. काम होते चंद्राची छायाचित्रे घेण्याचे. आधी एक कृष्णधवल छायाचित्र निघाले. मग रंगीत फिल्मसाठी घाई झाली, लॉवेल यांनी ती शोधून दिली आणि जगप्रसिद्ध छायाचित्र निघाले. एक बारकावा सांगतो. चंद्राची एकच बाजू नेहमी पृथ्वीकडे असते, त्यामुळे चंद्रावर उभ्या माणसाला पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी दिसते. तिचा ‘उदय’ पाहायचा तर चंद्राभोवती फिरावे लागते. म्हणजे ते दृश्य न उतरता फिरणाऱ्यांच्याच वाट्याचे होते. मुंबईत दूरदर्शन १९७२ साली आले. तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी हा प्रवास रेडिओवर ऐकला आणि वर्तमानपत्रांत वाचला.

२५ डिसेंबरला, पुन्हा चंद्रामागे, ते एकमेव इंजिन परतीसाठी पेटवायचे होते. ते साडेतीन मिनिटांच्या आसपास चालले. यान बाहेर आले तेव्हा नाताळचा दिवस होता. लॉवेल यांनी गमतीने कळविले की सांताक्लॉज खरोखरच आहे! जमिनीवर बसलेल्यांना त्याचा अर्थ कळला. माणसे घरी यायला निघाली होती.

चूक होणारच नाही, असे म्हणणाऱ्यांची चूक

परतीच्या वाटेवर एक प्रसंग घडला. तो आमच्या दृष्टीने या प्रवासातील सर्वांत बोधप्रद प्रसंग आहे.

यानातील संगणकाचे काम आधी पाहा. त्याची स्थायी स्मृती ३६,८६४ शब्दांची आणि बदलती स्मृती केवळ २,०४८ शब्दांची होती. आजच्या साध्या मोबाइलपुढे ती नगण्य आहे. स्थायी स्मृती तर अक्षरशः विणलेली होती. मॅसॅच्युसेट्स राज्यातील कारखान्यात कामगार स्त्रिया बारीक तार छोट्या चुंबकीय कड्यांतून ओवीत. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एक तार चुकली तर गणित चुकणार. अंतराळवीरांचे प्राण या स्त्रियांच्या बोटांवर अवलंबून होते, पण त्यांची नावे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात नसतात.

या संगणकासाठी सूचनावली लिहिणाऱ्या गटाचे काम मार्गारेट हॅमिल्टन पाहत. त्या कधीकधी आपल्या लहान मुलीला कामावर घेऊन येत. एकदा ती मुलगी यानाच्या नकली प्रतिकृतीशी खेळत होती. उड्डाण चालू असल्याचे दाखविले जात असताना तिने उड्डाणापूर्वीच्या तयारीचा कार्यक्रम क्रमांक १ दाबला आणि सारी व्यवस्था कोलमडली. हॅमिल्टन यांनी ओळखले की हे मुलीने केले तसे अंतराळवीरही करू शकेल. अशी चूक संगणकानेच अडवावी, असे त्यांनी सुचविले. वरिष्ठांनी उत्तर दिले, अंतराळवीर प्रशिक्षित असतात, ते अशी चूक करणार नाहीत. केवळ एक सूचना कागदोपत्री लिहून ठेवण्यात आली.

आणि अपोलो ८ परतत असताना लॉवेल यांनी नेमकी तीच चूक केली. ताऱ्यांचे वेध घेऊन यानाची दिशा ठरविण्याचे काम चालू होते. तारा क्रमांक १ निवडायच्या ऐवजी कार्यक्रम क्रमांक १ दाबला गेला. संगणकाला वाटले, यान अजून फ्लोरिडातच उभे आहे! दिशेची साठविलेली माहिती पुसली गेली. लॉवेल यांनी चूक लपविली नाही. ताबडतोब कळविले. जमिनीवरच्या लोकांच्या मदतीने त्यांनी व्याध आणि राजन्य हे तारे धरून दिशा पुन्हा जुळविली. पुढे हॅमिल्टन यांची सूचना मान्य झाली. १९७० साली अपोलो १३ यानात स्फोट झाला तेव्हा प्रमुख लॉवेलच होते, आणि यानाची दिशा हाताने जुळविण्याचा हा अनुभव त्यांच्या उपयोगी पडला.

२७ डिसेंबर १९६८ रोजी यान सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरले आणि प्रशांत महासागरात उतरले. सहा दिवस तीन तासांचा प्रवास संपला. बोरमन २०२३ मध्ये, अँडर्स २०२४ मध्ये आणि लॉवेल २०२५ मध्ये निवर्तले. लॉवेल चंद्राजवळ दोनदा गेले, पण त्यांना एकदाही चंद्रावर पाऊल ठेवता आले नाही.

पंधरा किलोमीटरवरून माघारी

आता अपोलो १०. १८ मे १९६९ रोजी थॉमस स्टॅफर्ड, जॉन यंग आणि यूजीन सर्नन निघाले. या वेळी उतरण्याचे वाहन बरोबर होते. २२ मे रोजी यंग मुख्य यानात थांबले आणि स्टॅफर्ड व सर्नन त्या वाहनातून खाली गेले. चंद्राचा पृष्ठभाग सुमारे १५ किलोमीटरवर आला. आणि तेथून ते माघारी फिरले.

का? कारण त्यांचे वाहन उतरण्याच्या दृष्टीने जड होते. उतरून पुन्हा वर येण्याइतके ते समर्थ नव्हते. शिवाय चंद्राच्या पोटात काही ठिकाणी वस्तुमान अधिक दाटलेले आहे, त्यामुळे कक्षा डळमळते. ती किती डळमळते, रडार नीट चालते की नाही, दोन याने पुन्हा जोडली जातात की नाही, हे सगळे तपासायचे होते. वर येण्याच्या वेळी एक खटका चुकीच्या स्थितीत राहिल्याने वाहन अचानक गरागरा फिरू लागले. स्टॅफर्ड यांनी ते हाताने सावरले. ही चूक जाहीर झाली, तिची नोंद झाली. दोन महिन्यांनी, २० जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ ची दोन माणसे ज्या भूमीवर उतरली, तिच्यावरून अपोलो १० ने पाहणी केलेली होती. यंग आणि सर्नन यांना पुढे अपोलो १६ आणि १७ मध्ये चंद्रावर उतरण्याची संधी मिळाली. स्टॅफर्ड यांना मिळाली नाही. १९६८ ते १९७२ या काळात २४ माणसे चंद्राजवळ गेली आणि त्यांतील १२ उतरली.

खर्चाचा प्रश्न

आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल. गरिबांच्या पोटाला नाही आणि चंद्रावर खर्च कशाला? हा प्रश्न त्या देशातही विचारला गेला. किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी अपोलो ११ च्या आदल्या दिवशी गरीब कुटुंबे आणि खेचरे जोडलेली गाडी घेऊन उड्डाणस्थळी गेले. अंतराळ संस्थेचे प्रमुख थॉमस पेन त्यांना उघड्यावर येऊन भेटले. उड्डाणाची कळ न दाबल्याने गरिबी मिटत असेल तर आम्ही ती दाबणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ते उत्तर पुरेसे होते असे आम्हांला वाटत नाही. ज्या समाजाने तीन माणसांच्या परतीचा हिशेब सेकंदासेकंदाने मांडला, त्याला वस्तीतल्या माणसाच्या आयुष्याचा हिशेब तितक्याच काळजीने मांडता आला असता. चंद्रप्रवासावर आक्षेप घेण्यापेक्षा, तीच काळजी जमिनीवर का नाही, असे विचारणे आम्हांला अधिक योग्य वाटते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. जे न उतरता परत आले त्यांना काय मिळाले? त्यांना परतीची वाट मिळाली, आणि ती त्यांनी मागून येणाऱ्यांना दिली. आपल्या देशातही असेच घडले. २०१९ साली चांद्रयान २ चे अवतरक यान चंद्रावर आदळले. कोठे काय बिघडू शकेल याचा विचार करून चांद्रयान ३ बांधले गेले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते अलगद उतरले.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, गुणपत्रिका लपवू नका. कोठे चुकले ते लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी बसणाऱ्याला दाखवा. आणि पालकहो, पदाधिकारीहो, आपल्यालाही एक विनंती. एखादी मुलगी येऊन “येथे चूक होऊ शकते” असे सांगू लागली, तर आमची माणसे तयारीची आहेत, ती चुकणार नाहीत, असे तिला सांगू नका. तिचे ऐकून घ्या.